एका ठशात काय काय मावतं?

प्रश्न थोडक्यात असा: पत्रलेखिका आणि त्यांचा धाकटा भाऊ जुनं लाकडी फर्निचर दुरुस्त करून, पॉलिश करून देतात. आठ वर्षं काम तोंडी ओळखीवर चाललं. आता गाडीवर, एप्रनवर आणि बिलावर लोगो हवा आहे. दुरुस्त केलेल्या प्रत्येक वस्तूच्या तळाशी तो तापवलेल्या लोखंडी ठशानं उमटवायचाही आहे. डिझायनरनं तीन नमुने दिले. पहिल्यात नुसतं देवनागरी नाव आहे आणि शिरोरेषेत डव्हटेल सांधा (टोकाशी रुंद होणारे दाते एकमेकांत अडकवून केलेला लाकडी जोड) बसवलाय. दुसऱ्यात खुर्ची आहे, तिचा एक पाय वर वळून हिरवं पान होतो. तिसरा गोल शिक्का आहे, कडेनं नाव आणि मधे हत्यारं. नातेवाईक आणि मित्रांच्या ग्रुपवर मत विचारलं, तर ३४ पैकी २१ जणांनी खुर्चीला कौल दिला. पत्रलेखिकेला पहिला नमुना आवडतो. भावाला एकही पटत नाही. लोगो बघताच "हे लोक काय करतात" ते कळलं पाहिजे असं त्याचं म्हणणं, म्हणून करवत, खुर्ची, झाड आणि उगवता सूर्य असं सगळं त्यात हवं. तेवढ्यात भाच्यानं एआय अ‍ॅपवर पाच मिनिटांत चाळीस लोगो काढून पाठवले. डिझायनर म्हणतो, बदल करून देण्याच्या ठरलेल्या दोन फेऱ्या संपल्या, पुढच्या फेरीचे पैसे वेगळे. मग ऐकायचं कुणाचं? आणि फुकट लोगो हातात असताना आणखी पैसे घालायचे का?

नमस्कार,

नमुन्यांचे फोटो जोडलेत ते बरं केलंत. पत्रात कुणाला काय आवडलं हे पुन्हा पुन्हा आलंय. ठसा केवढा असणार हे मात्र एकदाच, तेही कंसात: "अंगठ्याएवढा, साधारण दोन सेंटिमीटर". माझ्या मते पत्रातला सगळ्यात कामाचा तपशील तोच. तुमच्याकडे तीन बाजू भांडताहेत असं वाटतंय खरं, पण त्या तिघी एकाच प्रश्नावर भांडत नाहीयेत. लोगो नेमका कशासाठी आणि कुठे कुठे बसणार, हे कागदावर कुणीच लिहिलेलं नाही. ते लिहिलेलं नसलं की आवडनिवड एवढाच निकष उरतो, आणि आवडीनिवडीचा निकाल कधी लागत नाही.

आधी भावाचं बघू, कारण त्याचा मुद्दा वरवर अगदी रास्त आहे. नवीन माणसाला आपलं काम कळावं ही त्याची काळजी खरीच आहे. पण ते काम चित्राकडून करून घ्यायचं की शब्दांकडून, हे ठरवायला हवं. गाडीवर नावाखाली "जुन्या फर्निचरची दुरुस्ती आणि पॉलिश" एवढी एक ओळ लिहिली की कुणालाही काही विचारायला नको. तीच गोष्ट चित्रातून सांगायला गेलात तर घोटाळे सुरू होतात. करवतीशेजारी झाड काढलं तर तुम्ही झाडं तोडता असा अर्थ निघतो, तुमचं काम नेमकं उलट आहे. सूर्य कशासाठी आहे हे भावाला ठाऊक असेल, बघणाऱ्याला तो सौरऊर्जेचा वाटेल. आणि खुर्ची काढली की कपाटं, पलंग, टेबलं बाहेर राहिली. चित्रं वाढवत गेलात तर अर्थ वाढत नाही, एकमेकांना खोडत जातो.

याचं जगप्रसिद्ध उदाहरण अ‍ॅपल कंपनीचं. १९७६ मध्ये रोनाल्ड वेननं काढलेल्या त्यांच्या पहिल्या लोगोत झाडाखाली बसलेला न्यूटन होता, डोक्यावर सफरचंद होतं, चौकट होती, चौकटीवर कवितेची ओळसुद्धा होती. सगळी गोष्ट एका चित्रात सांगून झाली होती. पण छोटा केला की त्यातलं काहीच दिसेना. पुढच्याच वर्षी, १९७७ मध्ये, रॉब जॅनॉफनं नुसतं घास घेतलेलं सफरचंद दिलं. त्या घासाबद्दल पुष्कळ दंतकथा आहेत. जॅनॉफनं स्वतः दिलेलं कारण मात्र साधं आहे: घास नसता तर लहान आकारात ते चेरीसारखं दिसलं असतं. म्हणजे लोगोतला सगळ्यात गाजलेला तपशील अर्थासाठी नव्हे, ओळखू येण्यासाठी आला. आणि संगणकाच्या कंपनीच्या लोगोत संगणक आजतागायत नाही.

लोगोचं मुख्य काम हेच: पुन्हा भेटल्यावर ओळख पटवणं. आज एका घरी तुमच्या ठशाचं टेबल गेलं, सहा महिन्यांनी त्या घरच्या माणसानं रस्त्यात तुमची गाडी पाहिली, तर "अरे, हे तेच" असं त्याच्या मनात यायला हवं. यासाठी लोगो लक्षात राहण्याइतका साधा आणि इतरांपेक्षा वेगळा लागतो. तुम्ही चोख काम करता हा अर्थ त्यात पहिल्या दिवशी नसतो. तो तुमच्या टेबलांमधून येतो आणि हळूहळू चिन्हाला चिकटतो. मास्टरकार्डनं २०१९ मध्ये चिन्हातून स्वतःचं नाव काढून नुसती दोन वर्तुळं ठेवली, कारण तोवर अनेक दशकं लोकांनी ती वर्तुळं नावासकट पाहिली होती. नवीन व्यवसायानं तशी वर्तुळं काढली तर ती नुसती वर्तुळंच राहतील. म्हणून तुमच्या बाबतीत नाव ठळक हवंच.

आता मतदान. ३४ जणांना तुम्ही विचारलंत "कोणता आवडला?" आणि त्यांनी प्रामाणिक उत्तर दिलं. फक्त प्रश्न चुकला. मोबाइलच्या पडद्यावर तीन रंगीत चित्रं शेजारी शेजारी दिसली की डोळा सर्वांत चित्रमय गोष्टीकडे जातो. खुर्चीतून पान फुटलंय, गंमत आहे, मत तिकडे. प्रत्यक्षात तुमचं गिऱ्हाईक तीन नमुने शेजारी ठेवून कधीच बघणार नाही. शिवाय नवखेपणाची अढी असतेच. एखादी गोष्ट वारंवार नजरेला पडली की ती आवडू लागते, हे रॉबर्ट झायॉन्स या मानसशास्त्रज्ञानं १९६८ मध्ये प्रयोगांतून दाखवलं. याचा दुसरा अर्थ असा की पहिल्या नजरेतल्या आवडीवर किंवा नावडीवर फार विसंबू नये. गॅप या कपड्यांच्या कंपनीनं २०१० मध्ये नवा लोगो आणला आणि लोकांच्या ओरड्यामुळे आठवड्याभरात मागे घेतला. तो नवा लोगो फार ग्रेट होता असं नाही, पण पहिल्या आठवड्यातल्या प्रतिक्रिया नेहमी तिखटच असतात.

त्याच ३४ जणांकडून उपयोगाची माहिती काढता येते. त्यांच्यातले पाच-सहा जण निवडा, शक्यतो ज्यांनी नमुने नीट पाहिले नाहीत असे. एकेकाला एकच नमुना काळ्या रंगात पाच सेकंद दाखवा, झाका, दहा मिनिटं दुसऱ्या गप्पा मारा आणि मग आठवून कागदावर काढायला सांगा. चित्रकला वाईट असली तरी चालेल. ज्या नमुन्यातली एक गोष्ट बहुतेकांच्या कागदावर उतरते, तो लक्षात राहणारा. कागदावर नुसतं "काहीतरी गोल होतं" असं आलं तर तो शिक्का निकालात निघाला. नमुना उलटा करून, आरशात धरूनही दाखवा. भलतंच काही दिसत असेल तर ते आत्ताच कळलेलं बरं, गाडी रंगवून झाल्यावर कळण्यापेक्षा.

पण याही आधी जागांची यादी करा, मापांसकट. तुमच्या पत्रातून मला दिसल्या त्या अशा: लाकडावरचा ठसा २ सेंटिमीटर, एप्रनच्या खिशावर भरतकाम, रुंदी साधारण ७ सेंटिमीटर, बिलाच्या कोपऱ्यात ३ सेंटिमीटर, गाडीच्या बाजूला १२० सेंटिमीटर, व्हॉट्सअ‍ॅपवरचं गोल चित्र, पुढे वेबसाइट झाली तर ब्राउझरच्या टॅबवरचं १६ बाय १६ पिक्सेलचं चिन्ह. यातली सर्वांत अवघड जागा कोणती? बहुतेक व्यवसायांत ती टॅबवरची किंवा फोनवरची असते. तुमच्याकडे ठसा आहे, आणि ठसा फार निर्दय परीक्षक असतो. त्याला रंग कळत नाही, छटा कळत नाहीत. जळालेलं आणि न जळालेलं, दोनच गोष्टी. तापलेल्या धातूच्या कडेनं लाकूड थोडं जास्तच काळवंडतं, त्यामुळे रेषा फुगतात आणि एक मिलिमीटरहून अरुंद फटी बुजतात. मऊ लाकडात आणखी लवकर, शिवाय रेषांच्या आड येणारे लाकडाचे धागे कमीजास्त जळतात ते वेगळंच. जो नमुना ठशात टिकेल तो बाकी सगळीकडे टिकेल. उलटं होणार नाही.

या चाळणीतून तुमचे नमुने काढून बघू. खुर्ची आधी. फोटोवर मोजलं तर दोन सेंटिमीटर उंचीत तिचा पाय अर्ध्या मिलिमीटरचा होतो. फुगून तो उमटेलही, पण पाठीच्या पट्ट्यांमधल्या फटी बुजून काळा चौकोन होईल. पानातली गडद ते फिकट हिरवी छटा ठशात येणं शक्य नाही, भरतकामात येणं जवळपास अशक्य, आणि कापून चिकटवायच्या विनाइलमध्येही नाही. छटा काढली की पान सपाट होतं आणि मग लक्षात येतं की सगळी मजा त्या छटेचीच होती. म्हणून चांगले डिझायनर आधी फक्त काळ्यात काढतात, रंग शेवटी. रंगानं तोललेला लोगो रंग काढल्यावर कोसळतो. तुम्हाला पहिल्याच भेटीत रंगीत, भिंतीवर चमकणारे फोटो दाखवले गेले, आणि ही चूक डिझायनरची आहे असं मी स्पष्टच म्हणेन.

गोल शिक्क्याची अडचण देवनागरीची आहे. रोमन अक्षरं सुटी सुटी असतात, वर्तुळावर फिरवली तरी फारसं बिघडत नाही. देवनागरीत शिरोरेषा सलग. नाव वर्तुळाच्या कडेनं नुसतं सॉफ्टवेअरनं वळवलं तर प्रत्येक अक्षराची रेषा सरळच राहते आणि जोडाजोडाला कोपरे पडतात, काही ठिकाणी पाचरीसारख्या फटी उघडतात. तुमच्या नमुन्यात दुसऱ्या आणि तिसऱ्या अक्षराच्या मधे अशी फट दिसते, भिंग लावायची गरज नाही. नीट करायचं तर शिरोरेषा एकच चाप म्हणून नव्यानं काढून अक्षरं हातानं तिला लटकवावी लागतात. होतं, पण दोन सेंटिमीटरच्या शिक्क्यात कडेचं नाव जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर उंच राहणार, म्हणजे एवढी मेहनत जाळात जाणार, शब्दशः.

राहिला पहिला, तुमच्या आवडीचा. त्याच्यावर मेहेरनजर नको. सांध्याची कल्पना चांगली आहे: शिरोरेषा म्हणजे फळी, दोन तुकडे एकमेकांत अडकलेले, जोडकामाची खूण. दाते जाड आहेत, ठशात टिकतील, आणि आठवून काढायलाही सोपे. पण नाव पाच अक्षरांचं, त्यात दोन वेलांट्या, एक रफार आणि खाली एक ऊकार. वर-खाली एवढं सामान असलं की एकूण उंचीतली जेमतेम निम्मी मूळ अक्षरांच्या वाट्याला येते. नमुन्याची रुंदी उंचीच्या चौपट आहे. व्हॉट्सअ‍ॅपच्या यादीतलं वर्तुळ साधारण ८ मिलिमीटरचं. कडेला थोडी मोकळी जागा सोडून त्यात नाव बसवलं तर रुंदी साडेसहा, उंची दीड-पावणेदोन, आणि मूळ अक्षरं एक मिलिमीटरही नाहीत. दोन सेंटिमीटर रुंद ठशात संपूर्ण नाव ५ मिलिमीटर उंच, म्हणजे रफार हा जळका ठिपका. नमुना क्रमांक एक आहे तसा तुमच्या दोन सर्वांत महत्त्वाच्या जागी चालत नाही.

उपाय त्यातच आहे. याला एक आखूड रूप लागेल: नावाचं पहिलं अक्षर, वर सांध्याची जाड शिरोरेषा, एवढंच. ठसा, गोल चित्र आणि टॅबवर हे अक्षर जाईल. गाडी, बिल, एप्रन यांवर पूर्ण नाव. दोन्हींत सांधा तोच, त्यामुळे ओळख एकच राहते. अशी दोन-तीन रूपं असणं ही तडजोड नव्हे, आजकाल बहुतेक लोगो असेच दिले जातात. पूर्ण नावाचाच ठसा हवा असेल तर तो ५ सेंटिमीटर रुंद करावा लागेल. मग उंची सव्वा सेंटिमीटर आणि मूळ अक्षरं सहा मिलिमीटरच्या आसपास येतात. कपाटाच्या तळाला जागा आहे, स्टुलाच्या पायाला नाही. एप्रनवर ७ सेंटिमीटर रुंदीत अक्षरं बरी येतील, पण भरतकामाचा नेहमीचा धागा सुमारे ०.४ मिलिमीटर जाड असतो आणि एक मिलिमीटरहून बारीक रेष तो नीट धरत नाही. रफाराची वाटी थोडी उघडी काढायला सांगा.

आता भाच्याचा चाळीस लोगोंचा गठ्ठा. पाच मिनिटं लागली म्हणून तो वाईट ठरत नाही, तसा डिझायनरनं पाच आठवडे घेतले म्हणून त्याचा चांगला ठरत नाही. त्याच चाळणीत घाला. तुम्ही पाठवलेला त्यातला आवडता नमुना नीट वाचून पाहिलात का? रफार एका अक्षराआधी सरकलाय आणि ऊकाराच्या जागी एक शेपटी आहे जी मराठीत नाही. एआय अक्षरांची चित्रं काढतं, लिहीत नाही, आणि देवनागरीत त्याच्या अशा चुका होतात. दुसरं, ती फाइल १०२४ पिक्सेल रुंद आहे. छपाईला इंचाला ३०० ठिपके धरले तर ती साडेआठ-पावणेनऊ सेंटिमीटरपर्यंत चांगली छापेल. गाडीवर १२० सेंटिमीटर केली की एकेक ठिपका एक मिलिमीटरहून मोठा होतो, कडा दातेरी दिसतात. विनाइल कापणाऱ्या यंत्राला आणि ठसा कोरणाऱ्याला तर ठिपके नकोच असतात, त्यांना रेषा लागतात, म्हणजे व्हेक्टर फाइल. फोटोवरून आपोआप रेषा काढून देणारी सोय आहे, पण ती वर्तुळांची बटाट्यांसारखी वळणं करते आणि एका सरळ रेषेत वीस अनावश्यक बिंदू टाकते. मग कोणीतरी बसून सगळं पुन्हा काढतोच.

तिसरी गोष्ट हक्काची. अमेरिकेच्या कॉपीराइट कार्यालयाची भूमिका अशी आहे की माणसाचं सर्जन नसलेल्या, निव्वळ यंत्रानं बनवलेल्या चित्राला कॉपीराइट मिळत नाही. देशोदेशी नियम वेगळे असतील, पण उद्या कुणी तोच लोगो उचलला तर तुमचा हात कमकुवत राहील एवढं नक्की. तयार चिन्हं देणाऱ्या अ‍ॅपमध्ये तर तेच चिन्ह आणखी कितीजणांनी घेतलंय ते कळायला मार्गच नसतो. मग भाच्याची मेहनत वाया गेली का? नाही. त्या चाळीसांतले कोणते तीन तुम्हाला धरून ठेवतात आणि कशामुळे, हे बघा. जाड रेषा? मोकळी जागा? तो "कशामुळे" डिझायनरला सांगा, चित्र मात्र "असंच काढा" म्हणून देऊ नका. आणि हो, सध्या पैसे अजिबात नसतील तर सर्वांत स्वस्त मार्ग वेगळाच आहे: एक चांगला, व्यवसायासाठी परवाना असलेला देवनागरी फॉन्ट घ्या, नाव एका ठळक जाडीत, एका रंगात लिहा आणि वर्षभर तेवढंच वापरा. साधं नाव कधी हास्यास्पद दिसत नाही. चुकीचा रफार दिसतो.

ट्रेडमार्कचा विचारही आत्ताच करा, कारण त्यानं निवड बदलते. ट्रेडमार्कसाठी माल आणि सेवांचे गट पाडणाऱ्या, जगभर वापरल्या जाणाऱ्या नीस वर्गीकरणात ४५ वर्ग आहेत. फर्निचर वर्ग २० मध्ये येतं आणि दुरुस्तीच्या सेवा वर्ग ३७ मध्ये. तुम्ही प्रामुख्यानं ३७ मधले. फर्निचरच्या धंद्याला खुर्चीचं चित्र म्हणजे दुधाच्या पिशवीवर गाय: मालाचं वर्णनच ते, त्यावर एकट्याचा हक्क सांगणं कठीण. नाव आणि त्यातला सांधा यांचं एकत्र रूप जास्त भक्कम. ब्रिटनमधला पहिला नोंदणीकृत ट्रेडमार्क, १८७६ सालचा, बास या बिअर कंपनीचा लाल त्रिकोण होता. त्रिकोणाचा बिअरशी संबंध काय, असं तेव्हाही कुणी विचारलं असेल. डब्ल्यूआयपीओ या जागतिक बौद्धिक संपदा संघटनेच्या ग्लोबल ब्रँड डेटाबेसमध्ये नाव आणि चित्र टाकून फुकट शोध घेता येतो. अंतिम काम सुरू होण्याआधी एक संध्याकाळ त्यासाठी काढा. आपल्या देशाच्या नोंदवहीत वेगळं शोधायला विसरू नका.

तर पैसे घालावेत का? माझं मत: हो, एका फेरीचे, पण आधी घरातलं भांडण घरात मिटवून. डिझायनरनं "दोन फेऱ्या संपल्या" म्हणणं उद्धटपणा नाही. पहिल्या फेरीत तुम्ही एक सांगितलंत, दुसरीत भावानं दुसरं, आणि दोन्ही वेळा तो वेगळ्याच प्रश्नाचं उत्तर काढत बसला. चूक त्याचीही आहे. वापराच्या जागा न विचारता कामाला बसणं हे शिंप्यानं माप न घेता कापड कापण्यासारखं. म्हणून त्याला हे सरळ बोलून, फेरीचे पैसे थोडे कमी करशील का असं विचारायला हरकत नाही. तो नाही म्हणाला तरी काम त्याच्याकडूनच पुरं करून घेणं नव्या माणसाकडे शून्यापासून जाण्यापेक्षा बरं, कारण मूळ कल्पना चांगली सापडलेली आहे.

भावाशी बोलताना "तुझं सगळं चुकलं" असं नको. त्याच्या चार गोष्टींना दुसरी जागा द्या. करवत, खुर्ची, झाड यांचं छान रेखाचित्र बिलाच्या मागच्या बाजूला किंवा गाडीच्या मागच्या दारावर मोठं येऊ शकतं. तिथे जागा आहे, बघायला वेळ आहे, आणि ते दर दोन वर्षांनी बदललं तरी ओळख हलत नाही. काम सांगणारी ती एक ओळ त्यालाच लिहायला सांगा. आणि शेवटचा होकार कुणा एकाचा, हे दोघांनी आधी ठरवा. दोघांच्या होकाराची अट असली की निम्मं निम्मं जोडलेला तिसराच प्राणी तयार होतो.

मग डिझायनरला एकच कागद पाठवा, एकाच्या सहीनं. त्यात जागांची मापांसकट यादी. पहिला नमुना पुढे न्यायचा हा निर्णय. आणि अडचणी, उपाय नव्हेत. "नाव मोठं करा", "रेष दोन पॉइंट वाढवा" असं लिहिलंत तर तो तेवढंच करील. "वर्तुळात नाव वाचता येत नाही", "ठशात रफार बुजतो", "सांधा तिसऱ्या अक्षरावर येतो म्हणून नाव दोन शब्दांसारखं वाचलं जातं" असं लिहिलंत तर तो विचार करील. ही तिसरी तक्रार मी उगाच लिहिलेली नाही. नमुना हातभर दूर धरून डोळे बारीक करून बघा. शिरोरेषा तिथे तुटल्यासारखी वाटते. सांधा एका टोकाकडे सरकवला किंवा दातांमधली फट अरुंद केली की बरं होईल, पण त्याचा तोल बघणं त्याचं काम. डोळा फूटपट्टीनं मोजत नाही. सारख्या उंचीचे चौकोन आणि वर्तुळ शेजारी ठेवले तर वर्तुळ लहान वाटतं, म्हणून ते किंचित मोठं काढावं लागतं. गडद पाटीवर पांढरी अक्षरं जास्त जाड भासतात, म्हणून त्या रूपात रेषा थोड्या बारीक कराव्या लागतात. पाच मिनिटांच्या लोगोत राहून जातं ते हे.

नमुना परत येताना काळ्या रंगात, खऱ्या मापात छापलेला कागद मागा. पडद्यावर नको. आठ मिलिमीटरचं वर्तुळ, दोन सेंटिमीटरचा ठसा, सात सेंटिमीटरचं भरतकाम, सगळं एका पानावर. रंग त्यानंतर, आणि एक-दोनच. पडद्यावरचे झगझगीत हिरवे, निळे, नारिंगी छपाईच्या चार शाईंत मळकट होतात, तेव्हा निवडलेल्या रंगाचा पँटोन क्रमांक (तयार शाईचा ठरावीक नंबर), सीएमवायके (छपाईच्या चार शाईंचे) आणि आरजीबी (पडद्याचे) आकडे लिहून घ्या. नाहीतर गाडीवाल्याचा हिरवा वेगळा, छापखान्याचा वेगळा आणि एप्रनचा तिसराच. फर्निचरच्या धंद्यात सगळे तपकिरी घेतात, तेवढं सोडून काहीही चालेल.

शेवटचा हप्ता देण्याआधी फाइली ताब्यात घ्या: ओपन फाइल, म्हणजे ज्यात बदल करता येतात ती, छापखान्यासाठी अक्षरं कर्व्ह केलेली, म्हणजे फॉन्टऐवजी रेषांचे आकार केलेली पीडीएफ, वेबसाठी एसव्हीजी ही व्हेक्टर फाइल, पारदर्शक पार्श्वभूमीची मोठी पीएनजी. पूर्ण नाव आणि एकटं अक्षर, दोन्ही रंगीत, काळ्या आणि पांढऱ्या रूपात. जेपीजीवर भागवू नका, तिच्यामागे पांढरा चौकोन येतो आणि मग तो चौकोन गाडीवरही जातो. फॉन्ट वापरला असेल तर त्याच्या परवान्याची प्रत, आणि लोगोचे सगळे हक्क तुमच्याकडे आले असं लिहिलेला सहीचा कागद. बऱ्याच ठिकाणी नुसते पैसे दिल्यानं हक्क आपोआप येत नाहीत. सोबत एक पानाची सूचना: कमीत कमी माप किती, भोवती किती जागा मोकळी सोडायची (मूळ अक्षराच्या उंचीएवढी पुरते), कोणत्या रंगावर कोणतं रूप.

ठसा कोरायला टाकताना काळ्या अक्षराची फाइल द्या आणि फटी दीड मिलिमीटरच्या खाली नकोत असं सांगा. पहिला प्रयोग दुरुस्तीतून उरलेल्या तुकड्यांवर करा, तुमच्याकडे नेहमी येतं ते तीन-चार प्रकारचं लाकूड घेऊन. प्रत्येकावर तीन, पाच आणि आठ सेकंद ठसा दाबा आणि तुकड्यामागे सेकंद लिहून ठेवा. सांध्याचे दाते तीन सेकंदांत स्पष्ट आणि आठ सेकंदांत बुजलेले दिसले तर फाइल ठीक आहे, वेळ सांभाळा. तीन सेकंदांतच बुजले तर तो तुकडा तसाच डिझायनरकडे पाठवा.